कावेरी नदींतील नौकाप्रवास

भूगोलाच्या नकाशांत कावेरीची निळी रेषा आपण सर्वांनीं पाहिली आहे. परंतु त्या नदीवर होडींत बसून घटकाभर फिरलें, म्हणजे नदी ही केवळ पाण्याची वाट नसून असंख्य जिवांचें घर आहे, हें ध्यानांत येतें.

कावेरी कोडगु प्रांतांत तलकावेरी येथें उगम पावून सुमारें ८०० किलोमीटर वाहते व बंगालच्या उपसागरास मिळते. श्रीरंगपट्टणाजवळ तिच्या पात्रांत रंगनतिट्टु नांवाचीं लहान बेटें आहेत. १७ व्या शतकांत शेतीच्या पाण्यासाठीं येथें बांध घालण्यांत आला. त्यामुळें पाणी पसरलें आणि उंच जागांचीं बेटें झालीं. भोंवतीं पाण्याचा खंदक असल्यानें कोल्हीं, कुत्रीं, मांजरें घरट्यांपर्यंत पोंचत नाहींत. म्हणून पक्ष्यांनीं ही जागा पसंत केली.

नावाडी वल्हीं हळूहळू मारितो. बांबूंच्या शेंड्यांवर रंगीत करकोचे पिलांना भरवीत असतात. चमच्या पक्षी उथळ पाण्यांत आपली चपटी चोंच डावीकडून उजवीकडे फिरवून भक्ष्य चांचपतो. उघड्या चोंचीच्या करकोच्याची चोंच मध्यभागीं मिटतच नाहीं. तें व्यंग नव्हे. गोगलगाई धरून खाण्यास ती उपयोगी पडते. नवल असें कीं, पिलाच्या चोंचींत ही फट नसते; ती वाढत्या वयाबरोबर पडते.

खडकावर ओंडका पडला आहे असें वाटावें, तोंच तो जबडा उघडतो! ती मगर होय. मादी मातींत खळगा करून अंडीं घालते व त्यांवर पहारा ठेविते. पिलूं नर व्हावयाचें कीं मादी, हें त्या खळग्यांतील उष्णतेच्या मानावर ठरतें.

मुंबईस जन्मलेले पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं या स्थळाचें महत्त्व ओळखून म्हैसूरच्या महाराजांना तें सांगितलें, आणि १९४० सालीं येथें पक्ष्यांना अभय मिळालें. २०२२ सालीं जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत याचा समावेश झाला.

तथापि अभयाची घोषणा झाली म्हणजे सर्व कार्य झालें असें नाहीं. वरच्या अंगास कृष्णराजसागर धरण आहे. त्याचें पाणी मोठ्या प्रमाणांत सोडावें लागलें म्हणजे सखल बेटें बुडतात, होड्या बंद ठेवाव्या लागतात, आणि खडकांवर अंडीं घालणाऱ्या नदी-सुरयासारख्या पक्ष्यांचा संसार क्षणांत वाहून जाण्याचें भय असतें. तेंच पाणी शेतकऱ्यास भाकर देतें. म्हणून धरण वाईट असें कोणीं म्हणूं नये. मात्र एकाच पाण्यावर अनेकांचा हक्क आहे, हें विसरतां कामा नये.

मनुष्यानें आपल्या शेतासाठीं बांध घातला आणि नकळत पाखरांना घर मिळालें. नकळत जें घडलें, तें आतां जाणूनबुजून राखणें हें आपलें कर्तव्य आहे. परमेश्वरानें सृष्टि मनुष्याच्या हातीं सोंपविली, ती लुटण्यासाठीं नव्हे, तर सांभाळण्यासाठीं. आपल्या गांवच्या ओढ्याकाठीं एखादें घरटें दिसलें, तर हातांतील दगड खालीं ठेवा. हाच या धड्याचा पहिला अभ्यास होय.