दूरध्वनीवरील चढा आवाज

कसमादे परिसरातील अनेक कुटुंबांचा रुग्णालयाशी पहिला संबंध येतो तो दूरध्वनीवरून. पलीकडचा आवाज चढलेला असला, तर त्यामागे उद्धटपणापेक्षा भीतीच अधिक असते, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणून स्वागतकक्षातील सेवकवर्गास आम्ही आधी ऐकण्यास शिकवतो, खुलासा नंतर.

मात्र त्याआधी रुग्ण शुद्धीवर आहे काय, श्वास लागतो काय, छातीत दुखते काय, रक्तस्राव होतो आहे काय, हे विचारलेच पाहिजे. समजूत घालण्यात मोलाची मिनिटे जाऊ नयेत. सर्पदंश किंवा फवारणीच्या औषधाची विषबाधा असल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे. राज्यात ही विनामूल्य सेवा २०१४ पासून आहे. दंशाच्या जागी काप घेऊ नये, आवळून बांधू नये. विष पोटात गेल्यास उलटी करवू नये, औषधाची बाटली सोबत आणावी, हे छोट्या वाक्यांत सांगावे.

तातडी नसेल तेव्हा मध्येच न तोडता सारे ऐकून घ्यावे. ‘डॉक्टर येतील’ हे उत्तर नव्हे. ‘डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, चार वाजता आम्ही स्वतः फोन करू’ हे उत्तर. चार वाजता डॉक्टर मोकळे नसले, तरी फोन झालाच पाहिजे. ‘शांत व्हा’ असे सांगितल्याने कोणी शांत झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही! उलट, अहिराणीत बोलणाऱ्या आजींना अहिराणीतच उत्तर मिळाले, की निम्मे काम होते.

सर्वांत अवघड प्रसंग माहिती रोखून धरण्याचा. २८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशी फाट्यानजीक एसटी बस व रिक्षा यांची धडक होऊन दोन्ही वाहने विहिरीत कोसळली आणि २५ हून अधिक जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी नातलग फोन करून एकच नाव पुन्हा पुन्हा विचारतात. ओळख पटण्यापूर्वी दिलेला होकार घातक, तसाच नकारही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने डॉक्टरांवर घातलेले गोपनीयतेचे बंधन आम्ही स्वागतकक्षासही लागू मानतो. फोन करणाऱ्याचे नाव, गाव, रुग्णाशी नाते व क्रमांक लिहून घ्यावा आणि खात्रीची माहिती एकाच जबाबदार व्यक्तीने कळवावी. मृत्यूची वार्ता स्वागतकक्षाने देऊ नये. ती डॉक्टरांनी, शक्यतो समक्ष द्यावी. तसे शक्य नसल्यास, फोन घेणाऱ्याजवळ घरातले आणखी कोणी आहे काय, हे डॉक्टरांनी आधी विचारून घ्यावे.