डोके आणि अडीच सेंटिमीटर

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलवरून पडले. १९ मे रोजी वारले. त्यांच्यावर उपचार करणारे मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व दाखवून दिले.

यामागचे गणित तुम्हीही करू शकाल. सव्वा मीटरवरून पडलेल्या डोक्याचा वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर होतो. वेगाच्या वर्गाला थांबण्याच्या अंतराच्या दुपटीने भागा, की ऋण त्वरण मिळते. डोके समजा अडीच मिलिमीटरमध्ये थांबले, तर ते गुरुत्वत्वरणाच्या ५०० पट. हेल्मेटमधील थर्मोकोल अडीच सेंटिमीटर दबला, तर ५० पट!

दबलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा आपटलेले हेल्मेट बदलावे. आणि पट्टा बांधायला विसरू नका. डोक्यावरून निसटलेले हेल्मेट काय कामाचे?