चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेनंतरची सूज

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलाने मफलरने तोंड झाकले होते. हनुवटी लहानपणापासून मागे गेलेली, म्हणून त्याने पुण्याला जाऊन तेथे सिलिकॉनचा तुकडा बसवून घेतला होता. तो तिसरा दिवस. मफलर काढला तर खालचा ओठ सुजून बाहेर आलेला, गाल फुगलेले, गळ्यापर्यंत निळे-पिवळे डाग. "डॉक्टरसाहेब, हनुवटी करायला गेला आणि चेहराच घालवून आला," वडील म्हणाले. आईने रात्री आंबेहळदीचा गरम लेपही लावला होता.

मी विचारले, ताप? नाही. ठणका कालच्यापेक्षा वाढला? उलट कमी आहे. थुंकी गिळता येते? येते. दोन्ही बाजूंची सूज सारखीच होती. म्हणजे सर्व काही ठरल्याप्रमाणे चालले होते!

वाचकहो, अशी सूज पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त दिसते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर. चीर दिली की बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरते आणि ४८ ते ७२ तासांत सूज कळसाला पोचते. मग ती उतरू लागते. गळ्यावरचे डाग म्हणजे साकळलेले रक्त वजनाने खाली उतरलेले असते, 'विष पसरले' असे काही नसते. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत जाते, उरलेली बारीक सूज जायला काही महिने लागतात. तोवर आरशासमोर उभे राहून निकाल लावू नये. खालचा ओठ बधिर होतो, कारण तिथली नस ताणली जाते. ही संवेदना बहुधा हळूहळू परतते. तोपर्यंत चहा निववून प्यावा, ओठ भाजला तरी कळत नाही.

गरम शेक व लेप पहिल्या दोन-तीन दिवसांत नकोच, त्याने सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, दोन उशा घेऊन झोपावे. टाके तोंडाच्या आत असतील तर प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरावी. तंबाखू, मिश्री, विडी पूर्ण बंद. मधुमेह असेल तर साखर काबूत हवी. शेजाऱ्याची वेदनाशामक गोळी घेऊ नये, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

आता माझ्या एका चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या जबड्यात अपघातानंतर टायटॅनियमची पट्टी बसवली होती. सूज छान उतरली, आणि बाराव्या दिवशी एकाच बाजूला पुन्हा आली, ठणक्यासह. मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. उतरली. पुन्हा आली. पुन्हा गोळ्या. यात तीन आठवडे गेले आणि अखेर पट्टी काढावी लागली. शरीरात बसवलेल्या परक्या वस्तूवर जंतू थर करून राहतात, तिथे औषध नीट पोचत नाही. मी त्याला पहिल्याच दिवशी सर्जनकडे परत पाठवायला हवे होते. उतरलेली सूज परत आली, पू किंवा ताप आला, तर आता मी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून देतो.

आणि काही वेळा सकाळच्या एसटीचीही वाट पाहू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत एक बाजू एकाएकी फुगून दगडासारखी घट्ट झाली, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. जिभेखाली सूज, श्वासाला त्रास, थुंकी गिळता न येणे, किंवा गालाच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखून अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर रात्रीच गाडी काढावी.

तो मुलगा सहा आठवड्यांनी आला, मफलर नव्हता. ओठाचा डावा कोपरा अजून बधिर होता, दाढी करताना कापले तरी समजत नाही म्हणाला. पातीचा वस्तरा काही दिवस बाजूला ठेव आणि विजेचे यंत्र वापर, असे मी त्याला सांगितले.