धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनाच्या धुराचा रंग पाहून बिघाड कसा ओळखावा, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रोग्याला तपासताना हकीम त्याची नब्ज पाहतात. मराठीत नब्जला नाडी म्हणतात. इंजिनाची नाडी म्हणजे त्याचा धूर. जाणता मिस्त्री हातात पाना घेण्याआधी सायलेन्सरकडे पाहतो.

परळच्या आगारातून निघणाऱ्या एस.टी. गाड्या आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचा तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतील बहुतेक डिझेलवर चालतात. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये हे इंजीन यशस्वीपणे चालवून दाखवले. या इंजिनात ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो, की ती ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते. मग नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो आणि आपोआप पेटतो. हवा पुरेशी, फवारा बारीक आणि वेळ अचूक असेल, तर धूर जवळजवळ दिसत नाही. यांपैकी काही बिघडले, की धूर दिसू लागतो.

काळा धूर : डिझेल जास्त आणि हवा कमी झाली, की ते अर्धवट जळते. त्याची काजळी बाहेर पडते. लालबागच्या उड्डाणपुलावर जादा माल भरलेला टेम्पो चढताना काळा धूर सोडतो, तो याच कारणाने. अशा वेळी आधी एअर फिल्टर पाहावा. तो धुळीने भरला असेल, तर साफ करावा किंवा बदलावा. तरीही धूर थांबला नाही, तर नोझल आणि पंप तपासावा. फिल्टर न पाहता इंजीन उघडले, तर मालकाचे पैसे फुकट जातात.

निळा धूर : इंजीन ऑइल जळू लागले, की धूर निळसर होतो. गाडी सुरू करताच थोडा वेळ निळा धूर येऊन थांबला, तर वॉल्व सील खराब झाल्याचा संशय घ्यावा. गाडी ओढताना तो सतत येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा लायनर झिजलेले असू शकतात. पट्टी काढून ऑइल पाहावे. ते वारंवार कमी होत असेल, तर संशय बळावतो. ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले, तरी असा धूर येतो.

पांढरा धूर : येथे घाई करू नये. थंड इंजिनातून सकाळी निघालेली वाफ लगेच विरते. तो बिघाड नव्हे. इंजीन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर त्याचा वास पाहावा. डिझेलचा उग्र वास येऊन डोळे चुरचुरले, तर डिझेल न जळताच बाहेर पडत आहे. फवाऱ्याची वेळ चुकली असेल किंवा हवेचा दाब कमी पडत असेल. पण रेडिएटरचे पाणी कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट फुटले असण्याची शक्यता आहे. मग गाडी पुढे नेऊ नये. इंजीन जाम होऊ शकते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा नाही. धूर आपल्या सर्वांच्या छातीत जातो. मुंबईत धुराने त्रासलेले रहिवासी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे न्यायालयाच्या आदेशांमुळे शहरातील जुन्या डिझेल टॅक्सींना सीएनजीसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे लागले. डिझेलच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. म्हणून त्यांतून काळा धूर दिसला, तर तो बिघाडच समजावा. आणि हेही लक्षात ठेवा : धूर दिसत नाही, म्हणून वायू निरुपद्रवी ठरत नाही. बंद गॅरेजात इंजीन कधीही चालू ठेवू नये.

दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. ज्यांना यंत्रांची आवड आहे, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. इतरांनीही रस्त्यात धूर दिसला, तर नाकाला रुमाल लावावा. पण धुराचा रंगही पाहावा.

शब्दार्थ
जाणता – अनुभवी, माहीतगार
काजळी – धुराचा काळा थर
झिजणे – घासून कमी होणे
विरणे – हळूहळू नाहीसे होणे
निरुपद्रवी – त्रास न देणारा

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डिझेल इंजिनात डिझेल कशामुळे पेटते?
(आ) काळा धूर दिसल्यास आधी काय पाहावे?
२. कारणे लिहा.
(अ) सकाळची पांढरी वाफ पाहून घाबरू नये.
(आ) ऑइल दुधाळ झाल्यास गाडी पुढे नेऊ नये.
३. ‘नब्ज–नाडी’ याप्रमाणे पाठातील पाच मराठी शब्दांसाठी उर्दू शब्द लिहा.
४. घराजवळच्या मिस्त्रींना भेटा. धुरावरून त्यांनी ओळखलेल्या एका बिघाडाची माहिती पाच वाक्यांत लिहा.