महागडी दुर्बीण लगेच विकायला का निघते?

पक्षी पाहायला हौसेने घेतलेली महागडी दुर्बीण काही जण थोड्याच दिवसांत विकायला काढतात. दुर्बीण खराब नसते. ती आपल्याला जुळत नाही, एवढंच.

१०×४२ म्हणजे काय? पक्षी १० पट मोठा दिसतो आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिमी असतो. पण हाताची थरथरही १० पट दिसते! चष्मेवाल्यांना काही दुर्बिणींतून कडेचं चित्र दिसतच नाही. लहान मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी. दोन्ही नळ्या तेवढ्या जवळ आल्या नाहीत, तर एक गोल चित्र जुळत नाही.

म्हणून घेण्याआधी मुलाच्याच डोळ्यांना लावून पाहा. ८ पटीची दुर्बीण कमी थरथरते, पक्षीही पटकन सापडतो. नुसती किंमत बघून घेतली, तर दुर्बीण विकता येईल. मुलाची गेलेली आवड परत कुठून आणणार?