जुनी ५४० घरी उभी करायची, तर खर्च किती?

शेताच्या बांधावर, राइस मिलच्या आवारात, वाड्यामागच्या पडवीत टायर मातीत रुतलेली महिंद्रा एमएम ५४० अजूनही सापडते. मालक लाख-दीड लाख सांगतो आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच घाट उभा राहतो. घ्यायला माझी अजिबात ना नाही. इतकी साधी, घरी उघडून पुन्हा जोडता येणारी गाडी आता मिळत नाही. पण खरेदीची रक्कम हा खर्चाचा लहान भाग आहे. माझ्या हिशेबाने त्यावर आणखी सव्वादोन ते सव्वाचार लाख लागतात, आणि ते कुठल्या टोकाला जातील हे कामाच्या क्रमावर ठरते. आधी कागद, मग चासी, मग ब्रेक, त्यानंतर इंजिन आणि सगळ्यात शेवटी रंग. सरकारी शुल्क सोडले तर पुढचे सगळे भाव ढोबळ आहेत. गाव आणि मिस्त्री बदलला की तेही बदलतील.

कागदांपासूनच सुरुवात करा, कारण इथे अडकलेली गाडी कितीही पैसे ओतून रस्त्यावर येत नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने शुल्क वाढवले, त्यानुसार २० वर्षांपुढच्या हलक्या मोटारीला १०,००० रुपये पडतात. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक ५४० याच गटात येतात. अर्ज उशिरा केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. पाच वर्षे नोंदणी संपलेल्या गाडीवर हेच ३०,००० होतात. म्हणून सौदा करण्याआधी आरटीओत जाऊन थकबाकीचा नेमका आकडा काढा आणि तो किमतीतून वजा करायला सांगा. पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी.

पैशांपेक्षा नावाचा घोळ जास्त छळतो. मूळ मालक वारले असतील तर वारसांच्या सह्या आणि नमुना ३१ लागतो. आरसी बुकावर एखाद्या पतसंस्थेचा बोजा वीस वर्षे तसाच पडलेला असतो. कर्ज फिटलेले असले तरी नमुना ३५ आणि ना-हरकत पत्र मिळेपर्यंत गाडी नावावर होत नाही. ही धावपळ विकणाऱ्याने करायची, घेणाऱ्याने नाही. पूर्ण पैसे त्याआधी देऊ नका.

चासीवर ठोकलेला नंबर वायरब्रशने साफ करून आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. इंजिन नंबरही पाहा, कारण अनेक ५४० मध्ये मूळ प्यूजो डिझेल काढून दुसरे इंजिन बसवलेले असते आणि त्याची नोंद कुठेच नसते. ‘कागद दुसऱ्या गाडीचे आहेत, नंबर ठोकून देतो’ असे कुणी म्हणाले तर तिथून निघा. तो सरळ गुन्हा आहे. मूळ रचनेत मनमानी बदल करण्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. मोठी चाके नि लोखंडी बंपर यांचे पैसे त्यामुळे वाचवाच.

आता चासी. हातोडी घ्या, गाडीखाली शिरा आणि दोन्ही रेल मागपासून पुढपर्यंत ठोकत या. निकोप लोखंड खणखणते. आतून गंजलेले बद्द वाजते आणि पोपडे गळतात. मागचा आडवा बार, पाट्यांचे हँगर आणि बॉडी जिथे चासीवर बसते त्या जागा नीट पाहा, कारण चिखल तिथेच साचून राहतो. कोकणात वाढलेली गाडी वरून चकचकीत असली तरी खाऱ्या हवेने खालून पोखरलेली असू शकते. देशावरची, उन्हात रंग उडालेली गाडी बहुधा जास्त धड निघते. मला दोन्हींतून निवडायला सांगितले तर मी रंग उडालेलीच घेईन. बॉडी उतरवून चासी सँडब्लास्ट करणे, एखाद-दोन ठिकाणी वेल्डिंग आणि प्रायमर यांना २० ते ४० हजार धरा. हँगरच्या मुळाशी भोके पडली असतील तर सौदा सोडा.

ब्रेक हे घरी करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम. जुन्या ५४० ला चारही चाकांना ड्रम असतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे उभ्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजून धरतात. नुसती रबरे बदलून भागवू नका. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, होज, पाइप आणि लाइनर सगळे नवे घाला. सुटे भाग सहज मिळतात, एकूण १५ ते २० हजार. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथे विचारा. जुना नमुना हातात घेऊनच जा. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लाइनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा. गाडी जॅकवर ठेवून खाली कधीच जाऊ नका. लोखंडी घोड्या विकत घ्या. पाट्यांचे बुश, शॅकल, किंग पिन आणि स्टिअरिंगचे जॉइंट यांना आणखी १५ ते २५ हजार.

हत्यारांबाबत दुकानदारही बहुधा बोलत नाही, ती गोष्ट अशी: चासी आणि बॉडीचे नटबोल्ट इंची मापाचे आहेत, प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. दोन्ही संच घ्या. मिलिमीटरचा पाना इंची नटावर जबरदस्तीने चालवला की डोकी गोल होतात आणि तासाभराचे काम आठवड्यावर जाते. घोड्यांसह हत्यारांना १० ते १५ हजार.

इंजिन ‘गेले’ म्हणून मालक हात झटकतो, तेव्हा घाबरू नका. २११२ सीसीचे हे डिझेल हीटर प्लगवर सुरू होते. प्लग जळलेले, डिझेलमध्ये हवा किंवा टाकीत गाळ एवढ्यानेही ते उभे राहते. टाकी उतरवून धुवा, पण तिला वेल्डिंग करायच्या भानगडीत पडू नका. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते. इंजिन जाम असेल तर नोझलच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, काही दिवस थांबा आणि हाताने फिरवून पाहा. सेल्फ मारू नका. फ्युएल पंप आणि नोझल मात्र कॅलिब्रेशनवाल्याकडेच द्या, १० ते १५ हजार. नोझलची फवार कातडीत घुसते इतक्या दाबाची असते, घरी तपासू नका. एवढ्यावर भागले तर गॅस्केट, हेडचे काम आणि किरकोळ भाग मिळून इंजिनाला १० ते २० हजारच लागतात. लायनर-पिस्टन आणि क्रँकचे काम निघाले तर लेथवाल्यासह ६० ते ९० हजार. उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घेतले तर यातला कोणता आकडा आपला हे कळते. रेडिएटरचे पाच ते आठ हजार.

वायरिंग तुकड्या-तुकड्याने जोडू नका, नवा पूर्ण संच टाका. बॅटरीसह १५ ते २० हजार. पाच टायरांचे ३० ते ४० हजार. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी बाजूचे रबर तडकले असेल तर ते भंगारात.

डेंटिंग-पेंटिंग ५० ते ८० हजार. इथेच लोक उतावीळ होतात आणि आधी रंग मारून मग इंजिन उतरवतात. ५४० चा पत्रा सपाट आणि साधा आहे; घासणे, रेड ऑक्साइड आणि लांबी ही कामे घरी केली तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. शेवटचा हात स्प्रे गनवाल्याचा. रंग बदलणार असाल तर आरसीत नोंद हवी. ताडपत्रीचा हूड आणि सीटला २० ते ३० हजार, ते काम शिंप्याचे.

विम्याचे विसरू नका. १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीला २०२२ मध्ये ठरलेल्या दराने थर्ड पार्टीचे ७,८९७ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ९,३०० वर्षाला. गॅरेजच्या फाटकाबाहेर पहिली चक्कर मारण्याआधी हा विमा हातात हवा. आरटीओ तपासणीला नेताना ब्रेक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न आणि पीयूसी तयार ठेवा. त्याआधी रिकाम्या मैदानात वीस-तीसच्या वेगाने ब्रेक दाबून पाहा. गाडी एका बाजूला ओढली गेली तर ड्रम पुन्हा उघडा. शंभरेक किलोमीटर झाले की पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळा, इंजिन पूर्ण उघडले असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, आणि सगळ्या निपलांना ग्रीस मारा.