लहानशा बेटावर निवडणुकीस कसें उभें राहावें

नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत सर्व संस्थांचीं वर्णनें आपण वाचतों. मतदार कोणास म्हणावें, मत कसें द्यावें, हेंही आपणांस शिकविलें जातें. परंतु मत मागावयास उभें कसें राहावें, हा धडा क्वचितच आढळतो. उमेदवार ही कांहीं निराळीच जात असून तिचा जन्म आपल्या घरांत होणें शक्य नाहीं, अशी आपली समजूत झालेली असते. ती दूर व्हावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. पालकांनींही तो मुलांसमवेत वाचावा, अशी विनंती आहे.

आपलें पिंपरी-चिंचवड शहर आतां एवढें विस्तारलें आहे कीं, एका प्रभागांत हजारों मतदार असतात आणि उमेदवाराचें तोंड पुष्कळांनीं फलकावरच पाहिलेलें असतें. अशा ठिकाणीं निवडणुकीचें मूळ स्वरूप ओळखणें कठीण. यास्तव जेथें सर्व व्यवहार लहान प्रमाणांत व उघड दिसतात, असें एक स्थळ उदाहरणादाखल घेऊं. तें म्हणजे मुंबई बंदरांतील घारापुरी बेट. तेथें लागू असलेला कायदाच चाकणच्या आसपासच्या ग्रामपंचायतींसही लागू आहे. तेव्हां उदाहरण दूरचें असलें तरी धडा घरचाच आहे.

बेटाची ओळख

घारापुरीचीं लेणीं पाहावयास लोक मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचनें जातात. अंतर सुमारें १० किलोमीटर. त्यामुळें हें बेट मुंबईचेंच, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तें रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतें. पोर्तुगीज लोकांस तेथें दगडाचा एक मोठा हत्ती आढळला, त्यावरून त्यांनीं बेटास एलिफंटा हें नांव दिलें. लेण्यांस १९८७ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या मिळून तेथें बाराशेंच्या आसपास लोक राहतात. सर्व जगाचे प्रवासी या बेटावर येत असतां तेथील रहिवाशांस कायमची वीज मात्र २०१८ च्या फेब्रुवारींत मिळाली. त्यासाठीं समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकावी लागली. तत्पूर्वीं संध्याकाळचे कांहीं तास जनित्रावर दिवे लागत.

लेण्यांची देखभाल केंद्र सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. परंतु वस्त्यांस पाणी कसें पुरवावें, रस्त्यावरचे दिवे कोठें लावावे, प्रवाशांनीं टाकलेला कचरा कोणीं उचलावा, त्यांच्याकडून घेतलेल्या कराचा पैसा कशावर खर्चावा, या प्रश्नांचा विचार करणारी पहिली संस्था म्हणजे घारापुरीची ग्रामपंचायत. तेथें बसणारीं माणसें चांगलीं असलीं तर नळास पाणी येतें. नसलीं तर विहिरीवर जावें लागतें. निवडणुकीचें महत्त्व याहून अधिक शब्दांनीं सांगण्याची गरज नाहीं.

पंचायतीची रचना

महाराष्ट्रांतील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें चालतो. १९९३ सालीं ७३ वी घटनादुरुस्ती अमलांत आली, आणि तिच्यामुळें पंचायतींस घटनेचा आधार व दर पांच वर्षांनीं निवडणुकीची हमी मिळाली. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्याची स्थापना १९९४ सालीं झाली. पंचायतींत कमींत कमी ७ व अधिकांत अधिक १७ सदस्य असतात. दीड हजारांपर्यंत वस्तीच्या गांवास सात सदस्य मिळतात, म्हणजे घारापुरीसारख्या बेटास सातच.

गांवाचे प्रभाग पाडलेले असतात. प्रत्येक प्रभागांत जितक्या जागा, तितकीं मतें मतदारास देतां येतात. सरपंचाची निवड कोणीं करावी, याविषयीं नियम अनेकदां बदलला. २०१७ सालीं ती थेट मतदारांकडे आली, २०२० सालीं पुनः सदस्यांकडे गेली आणि २०२२ सालीं फिरून मतदारांकडे आली. एकूण जागांपैकीं निम्म्या जागा स्त्रियांसाठीं राखीव असतात. शिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व मागासवर्ग यांच्याही जागा असतात. उमेदवारी करूं इच्छिणारानें प्रथम आपला प्रभाग कोणासाठीं राखीव आहे, हें पाहावें. आपल्या वस्तींतील जागा आपणांस मोकळी नसेल, तर त्याच पंचायतीच्या दुसऱ्या प्रभागांतून उभें राहतां येतें.

कोणास उभें राहतां येतें

मताचा हक्क १८ व्या वर्षीं मिळतो. पंचायतीच्या उमेदवारीस मात्र २१ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. पंचायतीच्या मतदारयादींत नांव असणें अवश्य आहे. ज्याचा जन्म १ जानेवारी १९९५ रोजीं किंवा त्यानंतर झाला, तो निदान सातवी उत्तीर्ण असला पाहिजे. विद्यार्थिमित्रहो, आपण सर्व याच नियमाखालीं येतां. ज्या वर्गाचें प्रगतिपत्रक आपण सहज कोठें तरी टाकून देतां, तोच कागद उद्यां पंचायतीचें दार उघडणारा ठरेल.

यापुढील अटी मात्र शाळेंत मिळवावयाच्या नाहींत, घरांत पाळावयाच्या आहेत. पंचायतीच्या कराचें बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत तें न भरल्यास मनुष्य अपात्र ठरतो. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यांत ज्याचा हितसंबंध आहे, तोही अपात्र. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर ज्यानें अतिक्रमण केलें, त्यासही सदस्य होतां येत नाहीं. आणि मूळ अतिक्रमण वडिलांचें असलें तरी त्या जागेंत राहणारा मुलगा त्यांतून सुटत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. राहत्या घरीं शौचालय असून आपण त्याचा नियमित वापर करतों, असें प्रमाणपत्र लागतें. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळें ज्याच्या मुलांची संख्या दोहोंपेक्षां अधिक झाली, त्यासही ही वाट बंद आहे.

या अटींकडे पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. कायदा उमेदवारास त्याचें वक्तृत्व विचारीत नाहीं, त्याची श्रीमंती विचारीत नाहीं; तो त्याच्या घराची घरपट्टी, अंगण आणि न्हाणीघरामागची कोपऱ्यांतली खोली विचारतो. आणि या प्रत्येकाचें उत्तर लहान गांवांत शेजाऱ्यास आधींच ठाऊक असतें.

कागद आणि तारखा

आतां वेळापत्रक पाहूं. २०२२ सालच्या डिसेंबरांत राज्यांतील ७,७५१ ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यांत तहसीलदारांनीं नोटीस प्रसिद्ध करण्याची तारीख १८ नोव्हेंबर होती. अर्ज भरण्याची मुदत २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, छाननी ५ डिसेंबरला, अर्ज परत घेण्याची अखेर ७ डिसेंबरला, मतदान १८ डिसेंबरला व मतमोजणी २० डिसेंबरला. म्हणजे नोटीस लागल्यापासून अर्जाच्या अखेरीपर्यंत अवघे चौदा दिवस मिळाले.

चौदा दिवसांत अर्ज भरतां येतो. परंतु चुकलेली तीन महिन्यांची मुदत परत मिळवितां येत नाहीं, किंवा अतिक्रमणावर बांधलेलें घर हलवितां येत नाहीं. मतदारयादींत नसलेलें नांवही ऐन वेळीं चढत नाहीं. म्हणून उमेदवाराची खरी तयारी निवडणुकीच्या नोटिशीपूर्वीं कित्येक महिने, किंबहुना कित्येक वर्षें झालेली असावी लागते.

अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरावयाचा, त्याची छापील प्रत काढून सही करावयाची, व ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे समक्ष द्यावयाची, अशी रीत आहे. त्याबरोबर अनामत रक्कम, आपली मालमत्ता व आपल्यावरील खटले यांचें घोषणापत्र, राखीव जागा असल्यास जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी झाल्याचें प्रमाणपत्र किंवा पडताळणीस अर्ज केल्याचा पुरावा, अशीं कागदपत्रें लागतात. बेटावरील मनुष्यास तर तालुक्याचें गांव समुद्रापलीकडे आहे. दुपारीं एक कागद कमी आहे असें कळल्यास घरीं धांवत जाऊन तो आणणें त्यास शक्य नाहीं. यास्तव कागदांची यादी करून ते दोनदां ताडून पाहावे. अखेरच्या दिवसावर कांहींही ठेवूं नये. हा नियम परीक्षेच्या अर्जासही तितकाच लागू आहे, हें वेगळें सांगावयास नको.

मत कसें मागावें

ग्रामपंचायतीची निवडणूक राजकीय पक्षांच्या चिन्हांवर होत नाहीं. आयोगानें ठरविलेल्या चिन्हांपैकीं एक उमेदवारास मिळतें. २०२२ च्या वरील वेळापत्रकांत अर्ज परत घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंत अकरा दिवस होते. तीन वस्त्यांच्या बेटास ते पुरेसे आहेत. प्रत्येक घरीं दोनदां जातां येईल. तेथें मोठी सभा किंवा मोठा फलक यांचा उपयोग थोडा. पाण्याचें आपण काय करणार, त्यास पैसा कोठून येणार आणि किती दिवस लागणार, हें ओसरीवर बसून सांगतां आलें पाहिजे. न होणारें काम कबूल करूं नये. कारण पांच वर्षें रोज त्याच पायवाटेनें जावयाचें असतें.

खर्चासही मर्यादा आहे. त्या काळीं सात किंवा नऊ सदस्यांच्या पंचायतींत सदस्यपदाच्या उमेदवारास २५,००० रुपयांपर्यंत व सरपंचपदाच्या उमेदवारास ५०,००० रुपयांपर्यंत खर्च करण्याची मुभा होती. खर्चाचा हिशेब निकालानंतर मुदतींत द्यावा लागतो. तो न देणारास पांच वर्षें अपात्र ठरवितां येतें. मग तो जिंकलेला असो वा हरलेला.

लहान गांवांत एक मोह फार प्रबळ असतो. भांडणें नकोत, म्हणून निवडणूकच नको, असें जाणतीं माणसें म्हणूं लागतात. एकमतानें योग्य मनुष्य बिनविरोध निवडला गेला, तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु पदाचा लिलाव करून सर्वांत मोठी बोली बोलणारास तें द्यावयाचें, आणि तो पैसा देवळास किंवा गांवच्या कामास लावावयाचा, असे प्रकार घडले आहेत. २०२१ च्या जानेवारींत नाशिक जिल्ह्यांतील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या दोन गांवांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगानें याच कारणास्तव रद्द केल्या. लिलावाचा पैसा चांगल्या कार्यास लागला तरी दोष जात नाहीं. ज्या गरीब विधवेस किंवा शेतमजुरास पंचायतींत बसावयाचें आहे, त्याचा हक्क त्या बोलीनें विकला गेलेला असतो, आणि विकणाऱ्यांचा तो नव्हताच.

निकाल आणि त्यानंतरचा दिवस

मतदान यंत्रावर होतें. लहान प्रभागांत थोड्या मतांनीं निकाल फिरतो. दोघां उमेदवारांस समान मतें पडलीं, तर चिठ्ठी टाकून निर्णय होतो. पांच वर्षांचा कारभार एका चिठ्ठीवर गेला, म्हणजे मतदानाच्या दिवशीं घरीं राहिलेल्या एका मनुष्यास आपल्या आळसाची किंमत कळते.

शहरांत हरलेला उमेदवार व जिंकलेला उमेदवार यांची पुनः गांठ न पडणें शक्य आहे. बेटावर तसें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दोघेही त्याच धक्क्यावर, त्याच लाँचची वाट पाहत उभे असतात. रात्रीं एकाच्या घरीं आजारी पडलेल्या मुलास पलीकडे न्यावयाचें झाल्यास होडी कदाचित् दुसऱ्याची असेल. म्हणून उमेदवारीची शेवटची आणि सर्वांत अवघड अट कोणत्याही अर्जांत लिहिलेली नाहीं: प्रचारांत असा एकही शब्द बोलूं नये कीं, जो दुसऱ्या दिवशीं त्या धक्क्यावर उभें राहतांना आपणांस जड होईल. हरलेल्यासही काम उरतेंच. ग्रामसभेंत बसून हिशेब विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदारास आहे, आणि तो बजावणारा मनुष्य गांवची सेवाच करीत असतो.

आपल्याकडे पाहिलें असतां

आपलें शहरही एके काळीं खेड्यांचाच समूह होतें. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हीं गांवें १९७० सालीं एकत्र येऊन नगरपालिका झाली, आणि १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. चाकणला २०१५ सालीं नगर परिषद मिळाली. कारखाने वाढले, वस्ती वाढली, कायदेही निराळे झाले. परंतु आपण मूठभर शेजाऱ्यांपुढें उभे राहून त्यांचा विश्वास मागत आहों, ही उमेदवारीची मूळ कल्पना बदललेली नाहीं. शहरांत शेजारी ओळखीचे नसतात, एवढ्यावरून त्यांच्याशीं खोटें वागण्याची सवलत कोणास मिळत नाहीं. बेटावरील उमेदवार ज्या संकोचानें वागतो, तोच संकोच मोठ्या शहरांतील उमेदवारानें स्वतः होऊन पाळावयाचा असतो.

आपणांपैकीं कोणी तरी २१ वर्षांचा होईल, तेव्हां उभें राहण्याचा विचार त्यानें हंसून टाकूं नये. आणि तोपर्यंत स्वस्थही बसूं नये.

अभ्यासासाठीं

१. आपल्या घराची घरपट्टी किंवा मिळकतकर कोणत्या तारखेस भरला, हें वडीलमाणसांस विचारून पावती पाहावी.

२. आपल्या गांवाच्या किंवा प्रभागाच्या सदस्यांचीं नांवें लिहावीं. प्रत्येकानें केलेलें एक काम शोधून काढावें.

३. गांवीं राहणाऱ्या विद्यार्थ्यांनीं पुढील ग्रामसभेस पालकांबरोबर जावें व तेथें विचारले गेलेले तीन प्रश्न टिपून आणावे.

४. आपण उमेदवार आहों असें समजून पाण्याच्या एकाच प्रश्नावर दहा ओळींचें निवेदन लिहावें. त्यांत पैसा कोठून येईल, हें सांगितलेंच पाहिजे.